पाणी कुठं ओतायचं

परभणी. डायलिसिस वॉर्डामागची खोली.
जुनी एक्स-रे पाकिटं सरकवून मांडलेली शेगडी,
सलाइनच्या स्टँडला चिकटपट्टीनं बांधलेला
इर्शादचा मोबाइल.
स्क्रिप्ट माझी, दोन रात्री जागून लिहिलेली.

पहिल्याच ओळीला सुंद्राबाई टेकाळे अडल्या.
"ओट्स म्हंजी काय वो मॅडम?"
खोडलं. तांदळाच्या कण्या लिहिल्या.
"आन् 'सेवन करावे' आसं कोन बोलतं घरात?"
तेही खोडलं.
'मीठ वर्ज्य' वाचून हसल्या, म्हणाल्या,
मिठाचा डबा वरच्या फळीवर ठिवा,
जिथं हात पुरत न्हाई
आन् सुनंला मागाया लाज वाटती.

हे मला चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

इर्शादनं बोट वर केलं.
"मेथी आशी बारीक चिरायची,
भरपूर पाण्यात उकळायची,
आन् पाणी..."
गप्प.
सांडशीत पातेलं, चष्म्यावर वाफ.
"फेकून द्यायचं," मी मागून कुजबुजले.

भर पंगतीत कुणी शिवी हासडावी
तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
त्यांच्या गावात नळ येतो आठव्या दिवशी.
आणि डॉक्टरांनी लिहून दिलेत
दिवसाचे साडेसातशे मिली.
त्यासाठी स्टीलच्या पेल्यावर नातीनं
नेलपॉलिशची रेघ ओढून दिलीय,
गुलाबी, थोडी वाकडी.

"फेका म्हनायला जीभ रेटंना, माय."

पातेलं घेऊन त्या खोलीभर फिरल्या,
चौकटीबाहेर गेल्या, परत आल्या.
खिडकीत तेलाच्या डब्यात सदाफुली होती,
कुणा पेशंटच्या पोरानं लावून विसरलेली.
पाणी निवेपर्यंत तिथंच उभ्या.
मग बेतानं ओतलं.
"मान्साला न्हाई चालत. हिला चालतं."

एडिटिंगला बसल्यावर इर्शाद म्हणाला,
मधले चाळीस सेकंद उडवू,
कुणी बोलत नाही, नुसती पाठ दिसते.
मी नको म्हटलं. का ते सांगता आलं नाही.

आता ओपीडीच्या टीव्हीवर लागतो व्हिडिओ,
बहुतेक वेळा आवाज बंद.
पोटॅशियमबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.
काल मात्र सेलूची एक बाई,
दंडाला फिश्चुलाची पट्टी, काखेत फाइल,
दारात येऊन उभी राहिली:
ते डब्यातलं झाड कुठाय वो?
माझी आर्धी बाटली उरलीय.