सात, दहा

फळ्यावर आलेखाच्या रेघा मारल्या
आणि मुलांना म्हणाले, आज आपलं तळंच घेऊ.
इस्सिक-कुल चौकटीच्या कागदावर नीट बसत नाही,
पूर्वेचा काठ समासाबाहेर सांडतो.
सांडू दे म्हटलं.

कुणी आजोळ घेतलं, कुणी पोस्ट, कुणी घोड्यांचा बाजार.
बेगिमायने दोन घरं घेतली.
उत्तर काठावर बापाचं: चार, अठरा.
दक्षिण काठावर आईचं: दहा, दोन.
पट्टी धरून रेघ ओढली,
पेन्सिल इतकी दाबून
की मागच्या तीन पानांवर वळ उठला.

सायराकुल एजे, बेरीज का करायची?
मी म्हणाले, क्ष मध्ये क्ष मिळव, दोनाने भाग.
य मध्ये य मिळव, दोनाने भाग.
तसं नाही, ती म्हणाली.
आमच्यात तर वजाबाकी झालीय.

वर्ग हसला नाही.
मी खडू झटकला, उगाचच, हात स्वच्छ होता.
तेवीस वर्षं शिकवतेय हे सूत्र,
त्याच्याकडे घरचा हिशेब घेऊन
कुणी आलं नव्हतं.

चार नि दहा चौदा. सात.
अठरा नि दोन वीस. दहा.
बरोबर.
सात, दहा.
भर पाण्यात.

आमचं तळं हिवाळ्यातही गोठत नाही.
गोठलं असतं तर दोन्हीकडून दोघं
निघाली असती चालत,
एकमेकांना शिव्या देत का होईना.

खरा मध्य बालिकचीला पडतो,
सुक्या माशांच्या टपरीशेजारी, शुक्रवारी, साडेचारला.
बाप म्हणतो, निम्मं निम्मं.
आई म्हणते, मला वीस किलोमीटर जास्त.
आणि बेगिमाय, पाठीवर दप्तर, हातात जर्दाळूची बरणी,
एका गाडीतून उतरून दुसरीत बसते.
बरणी कुणी कुणाला दिली, हे ती सांगत नाही.

संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या.
तिच्या उत्तराखाली बारीक अक्षरात:
इथे कुणी राहत नाही.
त्याखाली, एकदा खोडून पुन्हा लिहिलेलं:
इथे किती खोल आहे?

पाचपैकी पाच दिले.
खोलीचं मला ठाऊक नव्हतं.
नवऱ्याला विचारलं, तरुणपणी तो मासेमारीला जायचा.
चहा ढवळत म्हणाला,
तिथे दोर कधी टेकलाच नाही.

समासात लिहिलं: तिसरा अक्ष अकरावीत.
मग ते खोडलं.
लिहिलं: विचारून सांगते.