गालापुरती

प्रश्न तिचा होता.
मी फक्त तो ऐलतीरावरून पैलतीराला नेला,
ओझं नेतात तसा, न उघडता.

नूकचं इस्पितळ, तळमजला,
एक टेबल, चार खुर्च्या.
यूडिथे मानीत्सोकहून आलेली, मासळीच्या कारखान्यातली,
खुर्चीच्या दोन्ही हातांना पुरून उरणारी.
शेजारी एनोक, धाकटा.
त्याचा डावा गाल विशीच्या आतच विरत गेला,
साबणाची वडी झिजावी तसा.
उजवा अजून शाळेच्या फोटोतला.
वारा सुटला की म्हणतो,
थंडी थेट दाढांवर येऊन बसते.

"विचार डॉक्टरांना," ती म्हणाली,
"माझी चरबी ह्याला देता येते का?
माझ्याकडे आहे. मला नको आहे.
ह्याला हवी ती गालापुरती."
आणि स्वेटर वर करून पोट दाखवलं,
कोठीचं दार उघडून दाखवावं
इतक्या सहज.

डॉक्टर थ्यूगेसेन डेन्मार्कचे,
हळू बोलणारे.
त्यांनी कागदावर एक गोल काढला,
गोलाच्या कडेने ठिपके.
हे पहारेकरी, म्हणाले.
रक्ताच्या नात्याचंही ऐकत नाहीत.
बहिणीची चरबी आत गेली
तर परकी म्हणून तिच्यावर तुटून पडतील.
मूत्रपिंड असतं तर औषधं देऊन
जन्मभर त्यांना गुंगीत ठेवलं असतं,
तिथे जीव पणाला असतो.
गालासाठी नाही.
एकाच बीजाची जुळी असतात,
त्यांची गोष्ट निराळी.
तुम्ही जुळी आहात?

दोघांत चार वर्षं. मधे एक गेलेलं मूल.

परतीच्या फेरीत मी अडखळले.
चरबी म्हणायला तोंडात आला तो ऑर्सोक,
सीलच्या कातडीखालचा पांढरा थर.
एनोकला हसू आलं, अर्ध्या चेहऱ्यावर.
पण "परकी"?
बहिणीला तिच्या भावासमोर
हे कोणत्या आवाजात सांगायचं?
दुभाष्याने काही गाळू नये असा नियम आहे.
मी गाळलं नाही.
फक्त खिडकीकडे बघत बोलले.

यूडिथे बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "सील मिळाला की चरबी गावभर जाते.
म्हाताऱ्यांना, शेजाऱ्यांना,
ज्याच्याशी आपलं बोलणं नाही त्याच्या दारातसुद्धा.
कुणाचंच अंग विचारत नाही, तू कोण, कुठला.
सीलचं चालतं,
आणि माझं नाही?"

हे मी जसंच्या तसं पोचवलं.
थ्यूगेसेननी पेन्सिल खाली ठेवली.
"ते तोंडातून जातं," एवढंच म्हणाले.
आणि मग, जरा थांबून, की
माणसाची स्वतःची चालते.
त्याच्याच पोटातून बारीक नळीने काढायची,
गालात थेंबाथेंबाने सोडायची.
थोडी टिकते, थोडी विरघळून जाते,
पुन्हा करावं लागतं.
पण ह्याच्या पोटावर काढण्यासारखं आहे काय?
बरगड्या कपड्यांवरून मोजता येतात.

"तोंडातून," यूडिथे पुटपुटली.
मला ते भाषांतरासाठी नव्हतं.
तरी मी केलं.

त्या हिवाळ्यात तिने स्वतः कमी खाल्लं की नाही,
मला माहीत नाही. लोक काहीही सांगतात.
एनोकच्या ताटात मात्र
रेनडिअरची चरबी, हॅलिबटचं डोकं, सीलचं सूप,
वर तिसऱ्यांदा वाढलेलं.
त्याच्या अंगावर मूठभर मांस चढावं म्हणून
ती समोर बसून राहायची,
तो चमचा खाली ठेवीपर्यंत.

दर रविवारी मला फोनवर फोटो येतो.
कारखान्याचा तराजू, मासळीचा,
त्यावर लोकरी मोजे घातलेले दोन पाय
आणि काट्याशेजारी तिचं बोट.
बाराच्या पुढचे आकडे आम्ही डॅनिशमध्येच बोलतो,
त्यामुळे भाषांतराला काही उरत नाही.
मी तसाच पुढे पाठवते.

आज एकसष्ट.
मागच्या आठवड्यातही एकसष्टच होता.
खाली तिने लिहिलंय:
मोजे ह्या वेळी पातळ होते, हे त्यांना सांग.