मजल्यातून पडणारा माणूस

तिसऱ्या सत्रात पहिल्यांदा कळलं
की जमीन ही जमीन नसते.
ती दिसते, एवढंच.
पाय आला तर अडव, हे तिला वेगळं सांगावं लागतं,
आणि मी सांगायला विसरलो होतो.

म्हणून आमचा मासेमार धक्क्यावरून चालता चालता
फळ्यांच्या आत शिरला
आणि पडत राहिला,
बूट, लोकरी टोपी, गळाची काठी, सगळ्यासकट
करड्या पोकळीत, खाली, आणखी खाली.
कोपऱ्यात त्याच्या वेगाचा आकडा वाढत होता.
पिह्ला हसता हसता खुर्चीवरून घसरली.
मी म्हटलं, निदान तू तरी जमिनीवर पडलीस.

काजानीतला डिसेंबर. दुपारी अडीचला अंधार.
वर्गात सोळा पडदे आणि सोळा सूर्य:
कुणाच्या वाळवंटात टळटळीत दुपार,
कुणाच्या मंगळावर जांभळं फटफटलेलं.
आमच्या तळ्यावर मी कायमची संध्याकाळ ठेवली होती,
सावल्या लांब पडतात,
चुका झाकल्या जातात.

तौनो आम्हाला शिकवतो. आधी तो कागदाच्या गिरणीत
यंत्रांना हुकूम लिहून द्यायचा.
गिरणी बंद पडली, तो इकडे आला.
मासेमाराकडे बघत कॉफी संपवली, मग म्हणाला,
तिकडे चूक झाली की कुणाचा तरी हात जायचा.
इकडे हाच जातो फक्त.
तरी शोध.

दोन रात्री शोधलं.
एक स्वल्पविराम होता.

फेब्रुवारीत परीक्षेआधी असा माणूस हवा होता
ज्यानं जन्मात कधी कंट्रोलर धरला नाही.
ओस्मोनं केर्त्तूला बसवलं. ती संध्याकाळी जिने पुसते.
हातमोजे काढून तिनं मांडीवर नीट घडी करून ठेवले,
दवाखान्यात बसावं तशी बसली.

डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह घेऊन उभा असलेला म्हातारा,
ज्याच्या तोंडी मी चार पानं संवाद लिहिले होते,
त्याला ओलांडून ती सरळ पुढे गेली.
अस्वलाकडे गेली नाही. होडीकडेही नाही.
धक्क्याच्या टोकाशी जाऊन थांबली.
एक मिनिट. चार. अकरा.
ओस्मोनं तक्त्यात लिहिलं: खेळाडू अडकली.
तिनं वाकून वाचलं.
"अडकले नाही," म्हणाली, "उभी आहे."

मग विचारलं, हे तळं मुकं का?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
थंडी वाढली की बर्फ बोलतो, पोरांनो,
तुम्ही इथलेच ना?

इथलेच. पण आवाजांच्या यादीत
अस्वलाच्या गुरगुरण्याचे नऊ प्रकार होते,
नाणं मिळाल्याचे तीन,
बर्फाचा रकाना नव्हताच.

परीक्षेत पाचपैकी तीन मिळाले.
तौनोनं शेरा मारला: गोष्ट लंगडी,
अस्वल उगाच,
उत्तरेच्या कोपऱ्यात मासेमार अजून पडतो,
तळ्याचा आवाज कुठून चोरलात?

चोरला नव्हता.
आदल्या शनिवारी गेलो होतो तिघं,
पिह्लाचा फोन ओस्मोच्या मोज्यात गुंडाळून,
उणे चोवीस, नाकातले केस काटे झालेले.
बराच वेळ काहीच नाही.
ओस्मो म्हणाला, चला, इंटरनेटवरून घेऊ.
तेवढ्यात पायाखालून, लांबून, ताणलेली तार तुटावी तसं,
आणि मग कुणी पलीकडच्या काठावर
भला मोठा पत्रा हलवावा तसं.
कुणी हललं नाही. पिह्लानं श्वाससुद्धा धरला होता,
रेकॉर्डिंगमध्ये तो सोडल्याचं ऐकू येतं,
मी ते कापलं नाही.

पण सांगायचं राहिलं ते हे:
काठावरून पहिलं पाऊल टाकण्याआधी
मी टाचेनं बर्फ दोनदा ठोकून पाहिला.
अडवला त्यानं पाय.
कुणीतरी सांगायला विसरलं नव्हतं.