बर्फाचं फूल

व्हिडिओ मीच केला होता.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
दवाखान्याच्या मागच्या खोलीत, आवाज नको म्हणून
पंखा बंद करून.
एप्रिलात. सोलापुरात. पंखा बंद करून.
'इन्सुलिन थंड जागी ठेवा,' मी म्हणाले,
आणि 'थंड'च्या शेजारी एक निळं फूल लावलं,
सहा पाकळ्यांचं, बर्फाचं.
मोबाइलमध्ये तयार चित्रं असतात, त्यातलं.
छान दिसत होतं.

ग्रुपात दोनशे अकरा माणसं.
एकशे नव्वदांनी पाहिला.
अंगठे आले, जोडलेले हात आले,
एकानं गुलाब पाठवला, वर शुभ सकाळ.
मी आकडा वहीत लिहिला.
रुग्णशिक्षणाच्या रकान्यात बरोबरची खूण.

तिसऱ्या आठवड्यात भूमक्का बोद्दुल आल्या,
विडी घरकुलातून, दोन रिक्षा बदलून.
साखर चारशे बारा.
बोटांना तंबाखूचा वास. टोचायला जागा शोधताना
कातडी लागली सुकल्या तेंदूच्या पानासारखी.
'इंजेक्शन घेता ना?'
'घेते की. सून देती, दोन येळा.'
'भाकरी?'
'तुमी सांगितली तेवढीच.'
'औषध ठेवता कुठं?'
त्या बघतच राहिल्या माझ्याकडं,
शिकवणाराच धडा विसरला तर बघावं तसं.
'बर्फात.
तुमीच दाखिवलं न्हवं?'

घरात फ्रीज नाही. म्हणून रोज संध्याकाळी
नातू श्रीकर बाटली न्यायचा
कोपऱ्यावरच्या कुल्फीवाल्याकडं.
साच्यांच्या मधोमध, मीठ घातलेल्या बर्फात
रात्रभर उभी राहायची ती, गोठून,
आणि सकाळी परत, ओल्या रुमालात.
बाहेर चव्वेचाळीस. पोराच्या पायात स्लिपर, तीही झिजलेली.
एक दिवस चुकला नाही.

गोठलं की औषध मरतं.
हे वाक्य मला येत होतं.
व्हिडिओत बसलं नव्हतं, एवढंच.
लांबलं की लोक बघत नाहीत,
असं ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं.

मी खुर्ची पुढं ओढली.
मडकं सांगितलं. मोठ्यात लहान,
मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, जागा सावलीतली.
भूमक्का हसल्या.
'एवढंच व्हय? पाणी तसंच ठिवतो आमी.
आदीच नाय का सांगायचं.'

'तुम्हीच सांगा,' म्हटलं, 'इथं बोला.'
फोन पुढं धरला. या वेळी पंखा चालू ठेवला.
त्यांनी पदर सावरला,
जणू फोनमधनं कुणी बघतंय,
आणि तेलुगूत सुरू झाल्या,
रागावल्यासारख्या, शेजारणीला दारातून ओरडून सांगावं तशा.
मला कळले दोनच तुकडे:
'ऐसुलो वद्दू. कुंडलो पेट्टू.'
बर्फात नको. मडक्यात ठेव.
मधे एकदा श्रीकरचं नाव आलं,
तिथं आवाज जरा अडखळला.
चार मिनिटं. मी कापली नाहीत.

त्या रात्री अंगठे आले नाहीत.
आवाज आले.
मागं यंत्रमाग धडधडतोय, आणि एक बाप्या विचारतोय,
रांजण चालतो का, मडकं फुटलंय.
एक बाई कानडीत, घाईत, कुणीतरी झोपलंय म्हणून हळू.
एकजण म्हणाला, मॅडम, मी तर पत्र्याखाली ठेवलं होतं,
दोन उन्हाळे.
दोन उन्हाळे. मी तो पुन्हा ऐकला.

आणि एक निरोप, अकरा सेकंदांचा,
त्यात कुणीच बोलत नाही.
श्वास, भांड्याचा आवाज, पुन्हा श्वास.
बटण दाबून धरलं असेल आणि शब्द सुचला नसेल.

भूमक्कांची साखर दोनशे तीसवर आली आहे.
अजून चांगली नाही. त्या म्हणतात, बगू.
निळ्या फुलाचा व्हिडिओ मी काढून टाकला.
वहीतली खूण शाईची आहे, ती तशीच.

उद्या सकाळी, ओपीडी सुरू व्हायच्या आत,
त्या अकरा सेकंदांना फोन लावायचा आहे.