पाव निघाला

तेव्हा आम्ही सगळे मिळून
चार-पाच बसगाड्यांत मावलो असतो.
माझा नंबर तीनशे अकरा.

सॅन फ्रान्सिस्कोत, बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर
दोन सर्व्हर, एक टेबलपंखा
आणि रात्रपाळीला मी.
काम एवढंच : पडलं की उठवायचं.
आणि पडायचंच ते, रोज,
नुकतं चालायला लागलेलं पोर पडतं तसं,
कशाला अडखळलं हे कुणालाच सांगता यायचं नाही.

पडद्यावर एकच प्रश्न असायचा : काय करताय?
आणि लोक, खरं सांगते, उत्तर द्यायचे.
व्हालेहोच्या फेरीबोटीवरचा वेंडेल :
'धुकं. भोंगा तिसऱ्यांदा.'
ओकलंडची एक नर्स, नाव कधी कळलं नाही :
'सूप गार झालं. पितेय तरी.'
इर्व्हिंग स्ट्रीटची मार्गिट, भट्टीवाली,
पहाटे चारला, न चुकता :
'पाव निघाला.'
एकशेचाळीस अक्षरं मिळायची प्रत्येकाला.
ती दोन शब्द घ्यायची,
बाकीची तशीच परत,
सुटे पैसे मोजून न घेणाऱ्या माणसासारखी.

फोन उशाखाली थरथरायचा.
एका मेसेजला दहा सेंट, आलेल्यालासुद्धा.
बिल बघून डेल म्हणाला,
'कुणाचं सूप गार झालं
हे कळायला आपण एक टायर घालवलं.'
मी काय बोलणार?
टायर खरंच गुळगुळीत झालं होतं.

ऑक्टोबरात एका रात्री
सॅन होजेहून कुणीतरी लिहिलं : 'हललं?'
मी वाचलं, मान वर केली,
आणि मग आमच्या माडीवरचा दिवा
हलायला लागला.
आधी शब्द, मग धक्का.
कितीतरी वेळ मी त्या दिव्याकडे बघत राहिले.
एका मिनिटात चाळीस जण : 'इथंही.' 'इथंही.' 'मांजर पलंगाखाली.'
सर्वांत शेवटी वेंडेल :
'पाण्याला काहीच कळलं नाही.'
त्या रात्री सर्व्हर पडला नाही.
का, ते आजतागायत ठाऊक नाही.

मग वसंतात कुठल्याशा मेळाव्याहून लोक परतले
आणि नंबरांना शेपट्या फुटल्या.
चार आकडी, पाच आकडी, पुढे मी बघायचं सोडलं.
माडी पुरेना. पंखे सहा झाले.
पाहुणे आले, पाहुण्यांचे पाहुणे आले,
घरच्यांना बसायला जागा उरली नाही,
असं नाही म्हणता यायचं,
कारण घर कुणाचं होतं?
वेंडेलचं धुकं आता
ओळखीच्या माणसासारखं गर्दीत दिसायचं,
हाक मारेपर्यंत पुढे निघून जायचं.

एका पहाटे मार्गिटच्या दोन शब्दांखाली
कोण जाणे कुठल्या गावच्या माणसानं विचारलं :
'मग आम्ही काय करू?'
त्याला तेवढ्यात नऊशे जण हसले.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. काही नाही.
तिसऱ्या दिवशी नाही.
अकराव्या दिवशी पाळी संपवून तडक
ट्रामनं इर्व्हिंग स्ट्रीटला गेले.
मनात सांत्वनाची दोन वाक्यं घोळवत,
अक्षरं मोजून.

भट्टी चालू होती. दारात सात माणसं.
पिठानं पांढरे हात कोपरापर्यंत,
तिनं मला ओळखलं नाही. ओळखणार कशी?
मी म्हणाले, 'तीनशे अकरा.'
'अगं बाई,' ती म्हणाली, 'तू होय!
फोन कणकेत पडला माझा. मळला गेला.'
खरं असेल. नसेलही.
कोण हसलं, कुणाला, तिनं विचारलं नाही,
मीही काढलं नाही.
तिनं पावाचा टोकाचा तुकडा हातावर ठेवला,
पैसे घेतले नाहीत.

परतीच्या ट्राममध्ये गच्च माणसं,
सगळ्यांच्या माना खाली,
अंगठे चाललेले.
माझ्या मांडीवर पाव ऊन.
समोरच्या पोरानं नाक वर केलं.
नाकच फक्त.
डोळे होते तिथंच.