लागेल

दिवसभर मी परक्यांच्या रक्ताला लेबलं लावते.
नाव, वय, वेळ, उपाशीपोटी की जेवून.
अठरा वर्षांत एकही नळी चुकली नाही.
संध्याकाळी कन्नमवार नगरात, चौथ्या मजल्यावर
कुलूप काढते, दार ढकलते,
दार अर्धंच उघडतं.
मागे ओजसची लहानपणची सायकल,
सायकलीवर छत्र्या, छत्र्यांवर पिशव्या,
पिशव्यांत पिशव्या,
आणि सगळ्यात आतल्या पिशवीत काय आहे
ते विचारायचं नाही, असं घरात ठरलेलं.

नणंद म्हणाली, एका वेळी एक कप्पा घे, वहिनी. सोप्पंय.
रविवारी घेतला. टीव्हीखालचा, सगळ्यात लहान.
मिक्सर केव्हाच गेला, त्याचं वॉरंटी कार्ड निघालं.
सात चार्जर, एकालाही फोन नाही.
सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या,
त्यांच्यापेक्षा चौदा महिने जास्त टिकलेल्या.
चाव्यांचा जुडगा, कुलपं देव जाणे कुठली.
आणि ओजसचा पहिला दात,
किंवा तांदळाचा दाणा.
तो तळहातावर घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे,
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
मग सगळं परत आत लोटलं
आणि कप्पा गुडघ्याने लावला.

हेरंबला टाकू का विचारलं की म्हणतो, राहू दे, लागेल.
हा शब्द आमच्या घराचा मधला खांब आहे,
काढला तर स्लॅब खाली येईल.
लागेल म्हणून पंख्याचं एक पातं,
लागेल म्हणून अर्धा डबा घट्ट झालेला रंग,
लागेल म्हणून साडेचार फुटी फळी, मोरीच्या वाटेवर उभी.
रात्री पाणी प्यायला उठलं की
ती खरंच लागते.
डाव्या अंगठ्याला.

मंगळवारी माझी सुट्टी. जिन्यातून मंगूबेनची हाक आली.
मी तिला सांगितलं नाही की मला काही सुचत नाहीये,
कपाट उघडलं की श्वास गळ्याशीच थांबतो,
की हे घर लॅबमध्ये नळीतून आलं असतं
तर मी शेरा मारला असता:
गुठळी झाली आहे, नमुना पुन्हा घ्या.
तिनेही विचारलं नाही.
उंबऱ्याबाहेर बसली, साडी उजेडात धरली.
"इथे विरलंय. हिचा काठ चालेल. ही नको."
साखरपुड्याची होती ती, नको म्हटलेली.
कुणीतरी इतक्या सहज नको म्हणू शकतं,
मी बघतच राहिले.
अकरा साड्या, चार पँटी, एक रेनकोट,
तासभर घासाघीस,
आणि हाती आलं स्टीलचं पातेलं,
झाकणासकट.

आता हे कुठे ठेवू?

एकटीच हसले, जिन्यात ऐकू जाईल एवढी.
पातेलं समोरच्या फिलोमिनाला दिलं.
अगं, मला कशाला, ती म्हणाली.
म्हटलं, ठेव. लागेल.

त्याच दमात फळी उचलली,
चार मजले, तीन ठिकाणी भिंत खरवडत,
खाली नेऊन कुंडीपाशी टेकवली.
दिवेलागणीला दूध आणायला गेले तर
टपरीवाल्याने दोन विटांवर टाकून तिचं बाकडं केलेलं,
दोन म्हातारे त्यावर चहा पीत बसलेले.
हेरंबला हे सांगितलेलं नाही.
तो जिंकला असता.

घर तसंच आहे. दार अजून अर्धंच उघडतं,
साखरपुड्याची साडी परत कपाटात,
दात, किंवा दाणा, कप्प्यात.
काल रात्री मात्र पाणी प्यायला उठले,
सवयीने अंगठा आत वळवला, चालत गेले,
मोरीपर्यंत पोचले
आणि काहीच लागलं नाही.
दचकले.
दिवा न लावता परत खाटेपाशी आले,
आणि तहान नसताना
पुन्हा एकदा गेले.