नंबर

वसमत रोडच्या शोरूममध्ये ती लाल उभी होती
एका बाजूला रेलून,
वरातीला आणलेली, पण नवरदेव पसंत नसलेली
घोडी उभी राहते तशी.
प्रज्योत म्हणाला, सर, बसून तर बघा.
बसलो.
बुटांची टोकं फरशीला लागली, टाचा अधांतरी.
वय अडतीस,
सोनटक्के ऑप्टिकल्स, नानलपेठ,
आजवर चालवली ती बायकोची स्कूटी,
तीही हुकाला भाजीची पिशवी अडकवून.

तो सीसी सांगत होता, टॉर्क, पिकअप, शून्य ते शंभर,
आणि मी त्याच्या डाव्या डोळ्याकडं बघत होतो.
पाऊण नंबर असणार. पोरगं किलकिलं करतंय.
सवय आहे, जात नाही.

घरी फोटो दाखवला.
सुचेतानं दोन बोटांनी मोठा केला,
मागची सीट शोधत राहिली.
"ही? हिच्यावर कपबशी बी बसायची नाही.
मी कुठं बसू?"
मग जरा थांबून,
"का मी बसायचंच नाही?"
शिकेपर्यंत नाही, म्हणालो.
"मग किती वरसं लागायलेत शिकायला?"
पोरगी अशी हसली की
दह्याचा चमचा ताटाबाहेर गेला.

खाजाभाईचं गॅरेज जिंतूर रोडला.
त्याचा चष्मा माझ्याच हातचा, बायफोकल,
काडीला त्यानं तांब्याची तार गुंडाळलेली.
लाल गाडीचं नाव ऐकून त्यानं पाना खाली ठेवला,
कोपऱ्यातून एक निळी ओढून आणली,
दीडशे सीसी, जुनी, टाकीला पोचा,
आणि सरळ आडवी केली धुळीत.
"उठाव."
मी बघतच राहिलो.
"नवे आदमी के हाथ से गिरतीच है साब.
पैले उठाको दिखाव, फिर पसंद करो."

हँडल धरून ओढलं. हललं नाही.
"ऐसा नक्को. पीठ लगाव, घुटने से उठो."
चहावाल्याचं पोरगं मोठ्यानं मोजत होतं.
तिसऱ्या खेपेला उठली,
माझ्यासारखीच कण्हत.
एकशे चाळीस किलो.
लालचं वजन मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही,
चष्मा पुसला फक्त.

मी गिऱ्हाइकांना रोज काय सांगतो?
डोळा सहाचा असला तरी
पहिल्याच खेपेला सहा लावत नाही आपण.
नव्या नंबरात जमीन खोल जाते,
पायरी पळते,
जाडजूड मावश्या भिंत धरून दुकानाबाहेर उतरतात.
आठ दिवस सांभाळून चाला, मावशी.
आणि कुणी हट्टाला पेटलं,
पूर्णच द्या म्हणे एकदाचा,
की मी हसतो.
काउंटरच्या आतून हसायला काय जातं.

निळी घेतली.
पहाटे साडेपाचला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर
क्लच सोडतो, बंद पडते,
सोडतो, बंद पडते,
फिरायला आलेले म्हातारे वळून बघतात,
त्यातल्या तिघांच्या फ्रेमा माझ्याकडच्या.
हेल्मेटमध्ये काड्या कानशिलांत रुततात,
त्या मीच घासून पातळ केल्या.
एकदा पडलो, वळणावर, अगदी सावकाश,
लाज वाटायलाही वेळ मिळाला.
पाठ लावली. गुडघ्यांनी उठलो.
मग तिसरा गिअर पडला एके दिवशी, न विचारता,
आणि दोन्ही बाजूंची झाडं
एकमेकांत विरघळली.

परवा सुचेता फाटकाशी आली,
मागच्या सीटवर तळहात टेकवला,
दाबून बघितला.
"हं. कपबशी बसंल."
स्वतःचं काही बोलली नाही.

लालचा फोटो मोबाईलमध्ये आहे अजून.
रात्री बघतो कधीमधी,
चष्मा काढून.